सायकल शर्यतींचे विक्रम वाचताना

नमस्कार श्रोतेहो.

फ्रान्सच्या उत्तरेला दर एप्रिलमध्ये पॅरिस–रुबे ही एक दिवसाची सायकल शर्यत होते. १८९६ साली ती सुरू झाली. १९६४ मध्ये पीटर पोस्ट या डच सायकलपटूनं ती ताशी ४५.१२९ किलोमीटरच्या सरासरी वेगानं जिंकली आणि हा विक्रम पुढे त्रेपन्न वर्षं कुणाला मोडता आला नाही. २०१७ मध्ये ग्रेग व्हान आव्हरमाटनं तो मोडला, तोही ताशी अवघ्या पंचाहत्तर मीटरनं. २०२४ मध्ये मॅथ्यू व्हान डर पूलनं ताशी ४७.८०२ किलोमीटरची नोंद केली.

नुसता तक्ता पाहिला तर वाटतं, पोस्टनंतर पन्नास वर्षं कुणात तेवढा दमच नव्हता. खरं कारण रस्त्यात आहे. ही शर्यत गाजते ती तिथल्या ओबडधोबड दगडी रस्त्यांमुळे. साठच्या दशकात गावोगावच्या त्या रस्त्यांवर डांबर पडत गेलं आणि दशकाच्या मध्यापर्यंत शर्यतीत दगडी रस्ता जेमतेम वीस-बावीस किलोमीटर उरला. मग आयोजकांनी जुने दगडी रस्ते शोधून काढले, मार्ग पूर्वेकडे सरकवला, आणि १९६८ मध्ये आरेनबर्गच्या जंगलातला कुप्रसिद्ध पट्टा पहिल्यांदा शर्यतीत आला. आज दगडी रस्ता पंचावन्न किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे एकाच रकान्यात एकाखाली एक छापलेले पोस्टचे आणि आजचे आकडे दोन वेगळ्या रस्त्यांवरचे आहेत. पोस्टचा विक्रम त्यामुळे खोटा ठरत नाही, पण त्याच्याशी तुलना करताना रस्ता विसरून चालत नाही.

आज मला याविषयीच बोलायचं आहे. ट्रॅकवर अंतर पक्कं असतं आणि वर छप्परही असतं. रस्त्यावरच्या शर्यतीत अंतर, वारा, रस्त्याचा पृष्ठभाग आणि नियम, सगळंच बदलतं. म्हणून इथला प्रत्येक आकडा त्याच्या अटींसकट वाचावा लागतो.

सुरुवात साध्या हिशेबापासून करू, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. सरासरी वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. पण अंतर कुठून धरायचं? सायकलपटू गावातून मिरवणुकीसारखे, गाडीच्या मागून सावकाश निघतात. तो भाग शर्यतीत धरत नाहीत. गावाबाहेर झेंडा पडतो, तिथे किलोमीटर शून्य, आणि घड्याळही तिथूनच सुरू. गावातल्या चौकापासून अंतर मोजलं तर पाच-दहा किलोमीटर फुकटचे वाढतात आणि वेग फुगतो.

दुसरी चूक मिनिटं-सेकंदांची. टूर द फ्रान्स, थोडक्यात टूर, ही फ्रान्समधली अनेक टप्प्यांची मोठी शर्यत. तिचा १९८९ चा शेवटचा टप्पा घ्या. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध चालवायचं. अमेरिकेच्या ग्रेग लमॉन्डनं ती २६ मिनिटं ५७ सेकंदांत संपवली. बरेच जण हे कॅल्क्युलेटरवर २६.५७ असं घालतात. ५७ सेकंद म्हणजे ०.९५ मिनिट, तेव्हा आकडा हवा २६.९५. त्यानं २४.५ ला भागून ६० नं गुणलं की ताशी ५४.५४५ किलोमीटर येतात, आणि तोच नोंदीतला वेग आहे. चुकीच्या आकड्यानं ५५.३ येतात. हा फरक किरकोळ नाही. १९९४ मध्ये लील इथल्या ७.२ किलोमीटरच्या छोट्या टाइम ट्रायलमध्ये ख्रिस बोर्डमननं ताशी ५५.१५२ ची नोंद केली होती. चुकीच्या भागाकारानं लमॉन्ड त्याच्याही पुढे गेला असता! याच टप्प्यावर लमॉन्डनं लोराँ फिन्योंची पन्नास सेकंदांची आघाडी भरून काढली आणि वर आठ सेकंद मिळवले. पुरुषांच्या टूरमधला हा आजवरचा सर्वांत कमी फरक.

तिसरी चूक सरासरींची सरासरी काढण्याची. समजा एक टप्पा २०० किलोमीटरचा, वेग ताशी ४०. दुसरा ३० किलोमीटरचा, वेग ताशी ५०. दोन्हींची सरासरी ४५ नाही. पहिल्याला पाच तास लागले, दुसऱ्याला छत्तीस मिनिटं. २३० किलोमीटर भागिले ५.६ तास, म्हणजे ताशी ४१ च्या थोडं वर. संपूर्ण शर्यतीचा वेग काढताना आधी सगळी अंतरं आणि सगळ्या वेळा वेगवेगळ्या मिळवायच्या, भागाकार शेवटी एकदाच करायचा.

आता अधिकृत वेळेविषयी. अनेक टप्प्यांच्या शर्यतीत जी एकूण वेळ छापून येते ती सायकलवर घालवलेली निव्वळ वेळ नसते. सध्या टूरमध्ये टाइम ट्रायल सोडून इतर टप्प्यांवर पहिल्या तिघांना अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते. दंड झाला तर तो वेळेत मिळवला जातो. २००८ ते २०१४ या काळात टूरमध्ये शेवटच्या रेषेवरची ही सूट नव्हतीच. ऐंशी तासांच्या शर्यतीत त्यानं सरासरी वेग फारसा हलत नाही, पण पहिल्या-दुसऱ्यातला फरक मात्र हलतो.

शिवाय घोळक्यातल्या प्रत्येकाची वेळ वेगळी मोजत नाहीत. एका गटात शेवटची रेषा ओलांडणाऱ्या सगळ्यांना एकच वेळ देतात. पुढच्याचं मागचं चाक आणि मागच्याचं पुढचं चाक यांत एक सेकंदाची फट पडली तर गट तुटला असं धरतात. अखेरच्या स्प्रिंटसाठीच, म्हणजे रेषेजवळच्या सुसाट चढाओढीसाठीच, आखलेल्या सपाट टप्प्यांवर ही मर्यादा तीन सेकंदांपर्यंत वाढवलेली आहे. त्यामुळे शंभरावा आलेला आणि पहिला आलेला यांची वेळ एकच दिसली तर ती छपाईची चूक समजू नका.

त्यातच शेवटच्या तीन किलोमीटरचा नियम आहे. सपाट टप्प्यावर शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कुणी पडला किंवा सायकल बिघडली, तर तो ज्या गटात होता त्या गटाची वेळ त्याला मिळते. अलीकडे काही टप्प्यांवर हे अंतर पाच किलोमीटरपर्यंत नेलं आहे. २०२४ च्या महिलांच्या टूरमध्ये डेमी फॉलरिंग पाचव्या टप्प्यात पडली ती शेवटच्या रेषेपासून सुमारे सहा किलोमीटरवर. म्हणजे नियमाच्या बाहेर. त्या दिवशी तिनं पावणेदोन मिनिटं गमावली आणि शेवटी पोलंडच्या कासिया निएव्हियादोमाकडून शर्यत हरली ती चार सेकंदांनी. टूर द फ्रान्सच्या नावानं झालेल्या शर्यतींत, पुरुष-महिला दोन्ही धरून, याहून कमी फरक नाही. माझ्या मते ही नोंद जेवढी बोलली जायला हवी तेवढी बोलली जात नाही, कारण विक्रमांचे तक्ते अजून बहुतेक पुरुषांचेच असतात. महिलांची टूर १९५५ मध्ये एकदा झाली, १९८४ ते १९८९ पुरुषांच्या टूरबरोबर झाली, पुढे वेगवेगळ्या नावांनी चालली, थांबली, आणि २०२२ पासून आजच्या रूपात आली. यातलं काय एकत्र धरायचं हे आधी लिहून ठेवल्याशिवाय 'सर्वाधिक विजय' हा तक्ता करताच येत नाही.

आता जुन्या काळाकडे वळू. १९०३ ची पहिली टूर २,४२८ किलोमीटरची, आणि टप्पे फक्त सहा. साठ जण निघाले, एकवीस पोचले. मॉरिस गारां २ तास ५९ मिनिटं २१ सेकंदांनी जिंकला. काही पुस्तकांत हा फरक २ तास ४९ मिनिटं असाही सापडतो, तेव्हा आकड्याशेजारी तो कुठून घेतला ते लिहिणं भाग आहे. पुढच्याच वर्षी गारांसह पहिले चौघेही गैरप्रकारांमुळे बाद झाले आणि विजेतेपद एकोणीस वर्षांच्या आंरी कॉर्नेकडे गेलं. तो आजही सर्वांत तरुण विजेता आहे. १९०५ ते १९१२ या आठ वर्षांत निकाल वेळेवर नव्हे तर गुणांवर लागत असे. 'विजयाचं अंतर' या तक्त्यात ही आठ वर्षं येऊच शकत नाहीत. कुणी तिथे मिनिटं लिहिली असतील तर त्या तक्त्यावर विश्वास ठेवू नका.

सर्वांत लांब टूर १९२६ ची, ५,७४५ किलोमीटर आणि टप्पे सतरा. एका टप्प्याची सरासरी जवळपास ३३८ किलोमीटर. आजच्या एकवीस टप्प्यांच्या टूरची एकूण लांबी ३,३०० च्या आगेमागे असते. सर्वांत संथ टूर १९१९ ची, ताशी २४.०५६ किलोमीटर. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि रस्ते उद्ध्वस्त होते. एकूण वेळेत सर्वांत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी याच टूरमध्ये पहिल्यांदा दिसली. गिअर बदलणारं डिरेलर टूरमध्ये १९३७ पर्यंत चालत नसे; घाट आला की उतरून मागचं चाक उलटं बसवायचं. २०२२ मध्ये योनास विंगेगोनं ताशी ४२ चा टप्पा ओलांडला आणि २०२५ मध्ये तादेय पोगाचारनं त्याच्याही पुढे मजल मारली. टूर जवळपास पावणेदोन पट वेगवान झाली हे खरं, पण पायांच्या ताकदीबरोबर डांबर, गिअर, लांबी आणि विश्रांती या सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

विजय मोजण्यातही असेच प्रश्न येतात. टूरमधले सर्वाधिक टप्पे आज मार्क कॅव्हेंडिशच्या नावावर आहेत, ३५. शेवटचा त्यानं ३ जुलै २०२४ रोजी सँ-व्युल्बा इथे, एकोणचाळिसाव्या वर्षी जिंकला. त्याआधी हा विक्रम एडी मर्क्सचा होता, ३४. कॅव्हेंडिशचे सगळे विजय स्प्रिंटमधले आणि पंधरा टूरमध्ये मिळून. मर्क्सचे सात टूरमधले, त्यांत डोंगरही आले आणि टाइम ट्रायलही. सांघिक टाइम ट्रायल कुणाच्याच खात्यात धरत नाहीत. दोघांत मोठा कोण, हे ठरवायला हा आकडा अपुरा आहे. पण पंधरा टूरपर्यंत तो वेग टिकवणं ही स्वतंत्र आणि थोर कामगिरी आहे, तिला मर्क्सच्या मापानं लहान करू नये असं मला मनापासून वाटतं.

मर्क्सच्या पिवळ्या जर्सीचे दिवस कुठे ९६ तर कुठे १११ दिसतात. दोन्ही बरोबर. त्या काळी एकाच दिवशी दोन अर्धे टप्पे होत. दिवस मोजले तर ९६, टप्पे मोजले तर १११. त्याचे एकूण विजय ५२५ म्हणतात, त्यांत हौशी काळातले ८० आहेत आणि व्यावसायिक ४४५. त्यातूनही ट्रॅक आणि गावोगावच्या प्रदर्शनी शर्यती वगळल्या की आकडा तीनशेच्या खाली येतो.

विजेता एकच असतो असंही धरून चालू नका. १९४९ च्या पॅरिस–रुबेत आंद्रे माए पुढे होता, पण शर्यत जिथे संपते त्या वेलोड्रोमच्या, म्हणजे सायकल स्टेडियमच्या, दाराशी त्याला चुकीच्या वाटेनं पाठवलं गेलं. मागच्या गटाची स्प्रिंट सेर्से कोप्पीनं जिंकली. तक्रारी झाल्या, निर्णय फिरले, आणि शेवटी दोघंही विजेते ठरले. १९५७ च्या लिएज–बास्तोन्य–लिएज या बेल्जियममधल्या शर्यतीत जेरमाँ देरेइकेनं बंद रेल्वे फाटक ओलांडलं. त्याचं विजेतेपद राहिलं, पण दुसऱ्या आलेल्या फ्रान्स स्खाउबेनलाही विजेता घोषित केलं. उलट २०१९ च्या टूरचा एकोणिसावा टप्पा गारपीट आणि दरड यांमुळे मध्येच थांबवला. वेळा इझरान घाटमाथ्यावरच्या धरल्या, एगान बेर्नालला पिवळी जर्सी मिळाली, पण टप्प्याला विजेताच नाही.

उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांनी तर रकानेच रिकामे केले. १९९९ ते २००५ ही सात विजेतेपदं २०१२ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगकडून काढून घेतली आणि ती कुणालाच दिली नाहीत. २००६ चं मात्र फ्लॉइड लँडिसकडून ऑस्कर पेरेइरोकडे गेलं, २०१० चं अल्बर्टो कोन्तादोरकडून अँडी श्लेककडे. ब्यार्ने रीसनं २००७ मध्ये कबुली दिली, तरी १९९६ च्या ओळीत तोच आहे. सर्वाधिक टूर पूर्ण करण्याचा विक्रम यूप झूटमेल्क आणि सिल्व्हाँ शावानेल यांचा, प्रत्येकी सोळा. जॉर्ज हिंकॅपीनंही या आकड्याशी बरोबरी केली होती, पण २००४ ते २००६ चे त्याचे निकाल रद्द झाले आणि बरोबरी पुसली गेली. म्हणून तक्ता ठेवताना जुनी ओळ कधी खोडू नये. शेजारी एक रकाना करावा: रद्द, कधी, आणि जागा कुणाला दिली की रिकामी.

घाट चढण्याच्या वेळांविषयी फार सावध राहावं लागतं, कारण बहुतेक वेळा त्या अधिकृत नसतात. लोक दूरचित्रवाणीवरून त्या काढतात. टूरमधल्या आल्प द्युएझ या प्रसिद्ध घाटावर मार्को पान्तानी या सायकलपटूच्या नावानं ३७ मिनिटं ३५ सेकंदही सापडतात आणि ३६:५० ही. कारण चढ १३.८ किलोमीटरचा धरला की गावापासूनचा १४.५, यावर सगळं ठरतं. सुरुवातीचा फलक, पूल किंवा वळण नावानिशी नोंदवलेलं नसेल तर त्या वेळा एकमेकींशेजारी मांडू नयेत.

हे आपल्याकडेही लागू आहे. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. घाटाचं घड्याळ नेमकं कुठे सुरू आणि कुठे बंद केलं हे दरवर्षी लिहिलं, तरच दोन वर्षांच्या राजांची तुलना होईल. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या भाषेत २.२ दर्जाची. यातला पहिला २ म्हणजे अनेक टप्प्यांची शर्यत, दुसरा २ म्हणजे तिचा वर्ग. अशा शर्यतीची वही पहिल्या वर्षापासून ठेवणं सोपं असतं. टप्प्यागणिक किलोमीटर शून्यपासूनचं अंतर, विजेत्याची सूट न धरता वेळ, सूट वेगळी, वाऱ्याची दिशा, आणि किती निघाले व किती पोचले ते लिहा. न पोचलेल्यांचं एकच खातं करू नका. निघालाच नाही तो डीएनएस, वाटेत सोडली तो डीएनएफ, वेळमर्यादेबाहेर आला तो ओटीएल, बाद ठरवला तो डीएसक्यू. आणि निकाल दुरुस्त झाला तर दुरुस्तीची तारीख त्याच ओळीत टाका.