पहिलीच्या आधीचा मेळावा

(दृश्य : जिल्हा परिषद शाळेचं पटांगण, पताका, सतरंजीवर बसलेली मुलं)

एप्रिलचं ऊन. मोठ्यांच्या परीक्षा उरकत आल्यात, पण आजची लगबग आहे ती जूनमध्ये पहिलीत येणाऱ्यांसाठी. कुणी आईचा पदर सोडत नाही, कुणी थेट घंटेशी पोहोचलाय.

कोरोनात अंगणवाड्या बंद राहिल्या आणि कितीतरी मुलं घरातून थेट पहिलीत येणार, असं चित्र होतं. २०२२ मध्ये राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं, त्यातला हा मेळावा. इथे टेबलं मांडलेली आहेत. एका ठिकाणी उड्या मारायच्या, दुसरीकडे कागदाला घडी घालायची, पुढे चित्र बघून गोष्ट सांगायची.

(दृश्य : टेबलावर ताटली, मुलीचे हात)

ताटलीत राजमा आणि हरभरे एकत्र केलेत. मुलगी एकेक दाणा उचलते, निरखते, वेगळा ठेवते. मध्येच एक हरभरा राजम्यात जातो. आईचा हात आपसूक पुढे होतो.

"थांबा ताई, करू द्या तिला," बाई म्हणतात.

बराच वेळ जातो. मग तीच तो हरभरा शोधून काढते.

आपल्याकडे तयारी म्हटलं की पाटी आणि 'अ, आ, इ'. अक्षरं शाळा शिकवेलच की! डबा उघडता येणं, चप्पल घालता येणं, शू लागली तर बाईंना न लाजता सांगता येणं, पहिल्या आठवड्यात मूल अडतं ते इथे.

यासाठी विकतचं काही लागत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी हे फार पूर्वी दाखवून दिलं. १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात त्यांनी काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, पानं, खडे हेच तिथलं साहित्य.

मेळावा संपताना प्रत्येक मुलाचं विकासपत्र भरलं जातं : काय एकट्याला जमलं, कुठे मदत लागली. वस्तीतल्या आया गट करून सुट्टीभर त्यावर काम करतात. भाजी निवडताना मोजणी, कपडे घडी करताना लहान-मोठं.

जूनमध्ये दुसरा मेळावा होतो, तेच पत्र पुन्हा भरायला. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, म्हणून तिथल्या आयांना चार दिवस जास्तीचे मिळतात.