रेंज फुल्ल, तरी व्हिडिओ का अडकतो?

नमस्कार श्रोतेहो.

द्रुतगती मार्गावर गाडी शंभरच्या वेगात असते, फोनवर फाइव्ह-जीच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, आणि तरीही व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. दोष नेहमी रेंजचा नसतो. दांड्या मोजल्या जातात त्या मनोऱ्याच्या सर्वांसाठी असलेल्या खुणेवरून. व्हिडिओ मात्र खास तुमच्यासाठी साधलेल्या लहरींवर येतो.

ते साधणं कसं होतं, ते पाहण्यासारखं आहे. मनोऱ्यावरच्या चपट्या पेटीत अनेकदा 64 स्वतंत्र ट्रान्समीटर असतात. अँटेना भरपूर वाढवले, की एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेकांशी बोलता येतं, हे बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या थॉमस मार्झेटा यांनी 2010 मध्ये गणिताने दाखवलं. तुमचा फोन ठरावीक वेळाने एक ओळखीचा संदेश पाठवतो. तो डोंगरावर, ट्रकवर, पुलावर आपटत प्रत्येक अँटेनाशी थोडा वेगळा पोहोचतो. त्यावरून मनोरा वाट ओळखतो आणि उलट पाठवताना सगळ्या लहरी तुमच्या फोनपाशीच एकमेकींना जोर देतील अशा सोडतो.

आता हिशेब बघा. फाइव्ह-जी जिथे चालतं त्या साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सीला लहरीची लांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. चारेक सेंटिमीटर सरकलात, की चहूबाजूंनी आपटून येणाऱ्या लहरींचं गणित बदलतं. चालणाऱ्या माणसाला त्याला तीसेक मिलिसेकंद लागतात. शंभरच्या वेगातल्या गाडीला दीड. समजा, फोनचा संदेश दर दहा मिलिसेकंदांनी जातोय, तर तेवढ्यात गाडी अठ्ठावीस सेंटिमीटर पुढे गेली! मनोऱ्याकडची माहिती शिळी झाली. तुमच्यासाठीची ऊर्जा विखुरते, आणि शेजारच्या प्रवाशाच्या संदेशातही मिसळते.

नुसते अँटेना वाढवून हे सुटत नाही. संदेश वारंवार मागवले, तर मूळ माहितीसाठीचा वेळ कमी पडतो. म्हणून मागच्या काही मोजण्यांवरून पुढची स्थिती ताडायची, हा मार्ग मला सर्वांत आशेचा वाटतो. मनोरा समोर स्वच्छ दिसत असेल, तर रुंद झोत टाकूनही काम भागतं, कारण दिशा इतक्या झटकन बदलत नाही. वेग थोडा कमी मिळतो, पण संपर्क टिकतो.

माझं आग्रहाचं म्हणणं एवढंच, की फाइव्ह-जीचा वेग जाहीर करताना धावत्या एसटीत मोजलेला आकडाही सांगितला पाहिजे. रोज एसटीने जाणाऱ्यांना त्याचाच उपयोग आहे.