कोल्खिसच्या लेकी : वनस्पतींची जादू, घराण्याचा वारसा आणि ग्रीक पुराणकथा

श्रोतेहो, तरुण वाचकांसाठी इंग्रजीत लिहिल्या जाणाऱ्या अद्भुत कादंबऱ्यांत अलीकडे एक कथानक वारंवार भेटते. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी असते, तिच्या हाताखाली सुकलेली रोपे पुन्हा तरारतात, आणि ही गोष्ट लोकांपासून लपवण्यात तिचे बालपण गेलेले असते. मग कुठल्या तरी दूरच्या नातलगाची मालमत्ता तिच्या वाट्याला येते, त्या वास्तूमागे कुलूप घातलेली विषारी बाग निघते, आणि जुने कागद चाळता चाळता घराण्याचा धागा थेट ग्रीक पुराणातल्या एखाद्या देवतेपर्यंत जाऊन पोहोचतो. या कथानकाला मी नावे ठेवणार नाही, कारण त्याची मुळे खरोखरच ग्रीक आहेत. मात्र एका बाबतीत यांतल्या बऱ्याच कादंबऱ्या मूळ कथांपेक्षा सोपी वाट धरतात, आणि आज मला त्याविषयीच बोलायचे आहे. ही शक्ती रक्तातून आपोआप येते, असे त्या मानतात. ग्रीक कवींनी मात्र ती शिकावी लागते असे सांगितले. आणि शिकल्यावर तिचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवायला लावला.

ग्रीक पुराणात वनस्पतींच्या जादूचे एक घराणेच आहे. सूर्यदेव हेलिओस हा त्याचा मूळपुरुष. किर्के ही त्याची मुलगी आणि कोल्खिसचा राजा आयेटीस हा त्याचा मुलगा. आयेटीसची मुलगी मेडिया, म्हणजे किर्के तिची आत्या. कोल्खिस म्हणजे काळ्या समुद्राच्या पूर्वेकडचा प्रदेश, आजच्या जॉर्जिया देशाचा पश्चिम भाग. ग्रीकांच्या दृष्टीने ते जगाचे टोक होते, आणि बहुतेक समाजांप्रमाणे त्यांनीही आपल्या मनातले भय आणि कुतूहल त्या टोकाला नेऊन ठेवले.

होमरच्या 'ओडिसी'च्या दहाव्या सर्गात किर्के आपल्याला प्रथम भेटते. पाहुण्यांच्या अन्नात ती औषधी मिसळते, छडी लावते आणि त्यांची डुकरे करते. महाकाव्याचा नायक ओडिसियस याला वाचवण्यासाठी हर्मीस देव जमिनीतून 'मोली' नावाची वनस्पती उपटून देतो. तिचे मूळ काळे, फूल दुधासारखे पांढरे, आणि ती खणून काढणे मर्त्य माणसाला अवघड, देवांना मात्र सारेच शक्य, असे होमर सांगतो. इथे एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. वनस्पतीचा गुण वनस्पतीत आहे. ओडिसियसच्या अंगी कसलीही दिव्य शक्ती नाही, त्याला फक्त दाखवणारा भेटला आहे. मोली म्हणजे नेमके कोणते झाड, यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. १९८३ मध्ये दोन मज्जाविकारतज्ज्ञांनी ती 'स्नोड्रॉप' असावी, असा तर्क मांडला. या फुलझाडात गॅलँटामाइन हे द्रव्य असते, आणि धोतऱ्याच्या वर्गातल्या विषाने होणाऱ्या भ्रमावर ते उतारा ठरू शकते. तर्क देखणा आहे, पण मला स्वतःला त्याहून थिओफ्रास्टसची नोंद अधिक आवडते. ॲरिस्टॉटलचा हा शिष्य वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात शांतपणे लिहितो की मोली आर्केडियात उगवते, तिचे मूळ कांद्यासारखे गोल असते, ती विषावर उतारा म्हणून आणि जादूटोण्यासाठी वापरतात. मात्र होमर म्हणतो तशी ती खणायला अवघड मुळीच नाही.

आता वारशाकडे येऊ. इ.स.पू. पहिल्या शतकात डायोडोरस या इतिहासकाराने हे घराणे वेगळ्या पद्धतीने मांडले. एरवी जादूची देवता मानली जाणारी हेकटी त्याच्या कथनात देवता नसून आयेटीसची पुतणी आणि पुढे पत्नी आहे. प्राणघातक विषे तयार करण्यात ती निष्णात आहे, बचनागाचा शोध तिचाच, आणि परक्यांच्या जेवणात विष कालवून ती त्याचा गुण पारखते. किर्के आणि मेडिया या दोघी तिच्या मुली. किर्के आईच्याच वाटेने जाते, इतकेच नव्हे तर तिच्याही पुढे जाते. मेडियाविषयी मात्र डायोडोरस म्हणतो की आई आणि बहिणीकडून तिने औषधींचे सारे गुण शिकून घेतले, पण त्यांचा उपयोग नेमका उलट केला. किनाऱ्याला लागलेल्या ज्या परक्यांना मारण्याचा रिवाज तिच्या बापाने पाळला होता, त्यांना ती सोडवत राहिली. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. एक घर, एक विद्या, आणि त्या घरातली धाकटी मुलगी त्या विद्येला दुसरीकडे वळवते. आजच्या कादंबरीकारांना तीनशे-चारशे पाने लागतात ती गोष्ट इथे दोन ओळींत उरकली आहे.

त्या दोन ओळींचा पूर्ण विस्तार पाहायचा असेल, तर डायोडोरसच्याही आधी, इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाशी संबंध असलेल्या अपोलोनियस या कवीचे 'अर्गोनॉटिका' हे महाकाव्य उघडावे, विशेषतः त्याचे तिसरे पुस्तक. यातली मेडिया अजून बापाच्या घरात राहणारी अविवाहित मुलगी आहे, हेकटीच्या देवळाची पुजारीण आहे, आणि जमिनीवर व वाहत्या पाण्यात उगवणाऱ्या औषधी कशा हाताळायच्या, हे तिला हेकटीने शिकवले, असे कवी स्पष्ट सांगतो. आयेटीसकडची सोनेरी लोकर मागायला ग्रीक वीर जेसन येतो. आयेटीस त्याला अशक्य कामगिरी देतो : अग्नी ओकणाऱ्या, काशाच्या खुरांच्या बैलांना जुंपायचे, सर्पाचे दात पेरायचे, आणि त्यांतून उगवणाऱ्या योद्ध्यांना कापून काढायचे. मेडिया जेसनवर भाळली आहे. पण गुंता प्रेमापुरता नाही. तिची बहीण खाल्किओपी हिचे मुलगे जेसनच्या बाजूला आहेत. तेव्हा जेसनला मदत न केली तर भाचे धोक्यात, आणि केली तर बापाशी द्रोह. कुळाशी निष्ठा ठेवायची म्हटले, तरी कुळातल्या कोणाशी?

त्या रात्री सारे गाव झोपलेले असताना मेडिया औषधींची पेटी मांडीवर घेऊन रडत बसते. पेटीत बरे करणारी औषधे आहेत आणि मारणारीही. तिला स्वतःलाच संपवायचे आहे. ती पेटीचे बंद सोडू लागते, आणि अचानक मृत्यूच्या भयाने थबकते. जगण्यातल्या गोड गोष्टी आणि मैत्रिणी तिला आठवतात, सूर्यप्रकाश कधी नव्हे इतका हवासा वाटतो, आणि ती पेटी मांडीवरून खाली ठेवते. मग ती पुन्हा पुन्हा दाराकडे जाऊन उजाडण्याची वाट पाहते. उजाडल्यावर त्याच पेटीतून जेसनसाठी लेप काढते. किशोरवयीन मनाची इतकी अचूक चाहूल घेणारे प्रसंग प्राचीन वाङ्मयात थोडे आहेत, आणि तरुणांसाठीच्या अद्भुत कादंबरीची पहिली नायिका कोण, असे मला कोणी विचारले तर मी या मेडियाचे नाव घेईन.

तो लेप ज्या वनस्पतीचा, तिचे वर्णन ऐकण्यासारखे आहे. माणसांसाठी अग्नी चोरला म्हणून कॉकेशसच्या डोंगरात बांधून ठेवलेल्या प्रॉमिथियसचे गरुड लचके तोडत असताना त्याचे रक्त उतारावर ठिबकले, आणि त्यातून ती प्रथम उगवली. तिचे फूल केशराच्या रंगाचे, हातभर उंच जोडदेठांवर डोलणारे. मूळ नुकत्याच कापलेल्या मांसासारखे. मेडियाने सात वाहत्या प्रवाहांत स्नान केले, काळी वस्त्रे नेसून काळोख्या रात्री देवीला सात वेळा हाक मारली आणि मग मूळ कापले. तेव्हा जमीन हादरली आणि दूर बांधलेला प्रॉमिथियस वेदनेने कण्हला. त्या लेपाचे बळ केवळ एक दिवस टिकते. कवीने जादूला मुदत घातली आहे, तिची किंमत सांगितली आहे, आणि ती किंमत तिसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते, हेही दाखवले आहे. स्पर्शासरशी फुले फुलवणाऱ्या नव्या नायिकांच्या निर्मात्यांनी हे कडवे वारंवार वाचावे.

असे विधी केवळ कवींनी रचले, असे नाही. ग्रीसमध्ये मुळे खणून विकणाऱ्यांचा एक व्यवसायच होता, आणि थिओफ्रास्टसने त्यांचे नियम नोंदवले आहेत. मँड्रेक या औषधी मुळाभोवती तलवारीने तीन वर्तुळे काढावीत आणि पश्चिमेकडे तोंड करून ते कापावे; पिओनी हे फुलझाड रात्री खणावे, कारण दिवसा फळ तोडताना सुतार पक्ष्याने पाहिले तर डोळ्यांना धोका; हेलेबोर ही विषारी वनस्पती खणण्याआधी लसूण खाऊन वर मद्य घ्यावे. यांतले काही नियम ओढूनताणून केलेले आहेत आणि काही वाजवी, असा निवाडा तो देतो, कारण काही मुळांच्या रसाने आणि वासाने खणणाऱ्याला खरोखरच त्रास होतो. नाटककार सोफोक्लिसने याच मूळकाढ्यांवर एक नाटक लिहिले होते. ते लुप्त झाले. उरलेल्या तुकड्यात मेडिया तोंड फिरवून काशाच्या विळ्याने औषधी कापते आणि त्यांचा पांढरा चीक भांड्यात धरते. तोंड फिरवणे हा मंत्राचा भाग की चिकापासून डोळे वाचवण्याची रीत? मला वाटते, दोन्ही.

कोल्खिसचे नाव आजही 'कोल्चिकम' या विषारी फुलझाडात टिकून आहे. त्यातले कोल्चिसिन अल्प मात्रेत वातरक्तावर औषध, मात्रा चुकली तर प्राणघातक. वनस्पतींच्या पेशींतल्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठीही संशोधक ते १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरत आले आहेत. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीत कुंपणांवर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची आपली कळलावी याच वनस्पतिकुळातली, आणि तिच्या कंदातही हेच विष असते.

मेडियाची पुढची कथा आपल्याला ठाऊक आहे. इ.स.पू. ४३१ मध्ये युरिपिडीसचे नाटक रंगभूमीवर आले आणि स्पर्धेत तिसरे ठरले. त्यात जेसन दुसरी बायको करतो, आणि मेडिया त्या नवरीला विष माखलेले वस्त्र आणि मुकुट भेट पाठवते. ही भेट बाजारातली नाही; हेलिओसने आपल्या वंशजांना दिलेला तो दागिना आहे. घराण्याची ठेव तिने शस्त्र केली, आणि मुलांना मारल्यावर सुटकेसाठी रथही आजोबा हेलिओसचाच आला. नव्या कादंबऱ्या बहुधा या टप्प्याआधीच थांबतात किंवा मेडियाला दोषमुक्त करतात. तरुण वाचकाला सौम्य शेवट द्यावा, हे मी समजू शकतो. पण वारसा म्हणजे निव्वळ देणगी, असे त्याला सांगणे मला पटत नाही.

रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये हाच वारसा एकाच सर्गात दोन रूपे घेतो. जेसनच्या वृद्ध बापाला तरुण करण्यासाठी मेडिया नऊ दिवस, नऊ रात्री डोंगरोडोंगरी औषधी गोळा करते. उकळत्या कढईत ती ऑलिव्हची वाळकी फांदी फिरवते तेव्हा फांदीला पाने फुटतात, मग फळे धरतात, आणि फेस जिथे उतू जातो तिथे जमिनीवर फुले उमलतात. म्हातारा खरोखरच तरुण होतो. मग जेसनच्या बापाचे राज्य बळकावलेल्या पेलियस राजाच्या मुली आपल्याही बापासाठी तेच मागतात. मेडिया त्यांच्यासाठी कढई चढवते, पण तिच्यात नुसते पाणी आणि निर्गुण झाडपाला घालते. मुली बापाच्या प्रेमापोटी, डोळे दुसरीकडे फिरवून, त्याच्यावर वार करतात. त्यांनी विधी पाहिला होता, विद्या शिकली नव्हती.

डायोडोरसच्या कथनात त्या बहिणींतली एकटी आल्केस्टिस या कामातून बाजूला राहते. पुढे हीच आल्केस्टिस नवऱ्याच्या बदली मरायला तयार होते आणि हेराक्लीस तिला मृत्यूच्या हातून परत आणतो. बापावर शस्त्र उचलायला नकार देणारी, आणि तरी बहिणींना अडवू न शकलेली ही मुलगी त्या रात्री कढईपासून किती अंतरावर उभी होती, याची कादंबरी कोणी लिहिली तर मी ती अवश्य वाचेन.