यंत्र किती वेळ उभं होतं?

नमस्कार, श्रोतेहो.

शिरोली किंवा भोसरीच्या एमआयडीसीत, दहा-पंधरा माणसांच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मालकाला विचारून बघा, "काल तुमचं मशीन किती तास चाललं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "दिवसभर चालूच होतं की!" त्यात प्रत्यक्ष कटिंग किती तास झालं आणि टूलची, मालाची, क्रेनची वाट बघण्यात किती वेळ गेला, हे कुणाच्या वहीत नसतं. मग कोणी सॉफ्टवेअर विकायला येतं, कोटेशनचा आकडा बघून मालक चहा पाजतो आणि विषय तिथंच मिटतो.

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात प्राध्यापक डंकन मॅकफार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 'शूस्ट्रिंग' नावाचा प्रकल्प सुरू केला तो अशाच कारखान्यांसाठी. आधी त्यांनी 59 गरजांची यादी केली आणि यातलं तुम्हाला काय हवं, हे लहान कारखानदारांनाच विचारलं. मग बाजारात सहज मिळणारे स्वस्त सेन्सर, मोफत सॉफ्टवेअर आणि रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक यांची जुळणी केली. हा संगणक 2012 मध्ये 35 डॉलरला आला, तोही मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून.

आता हे आपल्या लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, कसं चालेल ते सांगतो. तीस वर्षांचा लेथ, त्याला कंट्रोलर नाही, स्क्रीन नाही. पण मोटरला वीज तर लागतेच! तिच्या एका फेजच्या वायरभोवती क्लॅम्पसारखा करंट सेन्सर बसवायचा. वायर कापावी लागत नाही. करंट शून्य म्हणजे यंत्र बंद, थोडा म्हणजे नुसतं फिरतंय, जास्त म्हणजे कटिंग चालू. हे आकडे नोड-रेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये येतात. तिथं पडद्यावरचे ठोकळे रेघांनी जोडायचे असतात, कोड जवळजवळ लिहावाच लागत नाही. आयटीआय झालेला चुणचुणीत पोरगा हे शिकू शकतो. पॅनेल मात्र वायरमननेच उघडावं, हौसेनं हात घालू नये.

फाउंड्रीवाल्यांना याच सेन्सरचा आणखी एक उपयोग आहे. वीजबिलातला 'मागणी आकार' आठवा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्यावरची आकारणी. भट्टी, कॉम्प्रेसर आणि ओतीव भाग साफ करणारं शॉट ब्लास्टिंग एकाच वेळी सुरू झाले की विजेची मागणी चढते आणि तिचा भार महिन्याच्या बिलावर पडतो. ती चढताना दिसली, तर एक काम थोडं पुढं ढकलता येतं.

अडचणीही आहेत. अचानक वीज गेली तर रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, म्हणून छोटा यूपीएस हवाच. जोडणी कशी केली ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तो पोरगा नोकरी सोडून गेला की डबा नुसता भिंतीवर राहतो. आणि कामगारांना आधी विश्वासात घ्या. आपल्यावर पाळत ठेवताहेत असं वाटलं, तर सेन्सरचा प्लग निघायला वेळ लागत नाही. माझ्या मते आकड्यांचा पडदा केबिनमध्ये नको, यंत्राशेजारी हवा. यंत्र का थांबलं, हे ऑपरेटरलाच ठाऊक असतं. त्याला 'टूल नाही', 'माल नाही', 'वीज नाही' अशी तीन बटणं द्या. चौथं लागलं तर तोच सांगेल.