बलकात काय साठतं?

[दृश्य : ऐरोलीचं दिवागाव. सुकतीची वेळ. उघड्या चिखलात निवट्या उड्या मारतायत.]

ठाण्याच्या खाडीला ओहोटी लागली आहे. काठावर एक मावशी बोईट मासा साफ करतायत. पोट उघडलं आणि आतून पिवळसर गाभोळीची जोडी निघाली. ती त्यांनी अलगद बाजूला ठेवली. गाभोळीचं गिऱ्हाईक वेगळं, भावही वेगळा.

या जोडीत लाखो अंडी आहेत. गाभोळी तोंडात विरघळते ती तिच्यातल्या स्निग्धांशामुळे, आणि आपली आजची गोष्ट त्या स्निग्धांशाचीच आहे.

[दृश्य : ठाणे-बेलापूर रस्ता. कारखान्यांमागून खाडीकडे जाणारा नाला.]

2022 साली ही खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. तिच्या पूर्वेला मात्र औद्योगिक पट्टा आहे. कारखान्याचं सांडपाणी किती विषारी, हे ठरवायला आपल्या पर्यावरण संरक्षण नियमांत एक अट आहे : सांडपाण्यात काहीही न मिसळता मासे सोडायचे, आणि 96 तासांनी त्यातले 90 टक्के जिवंत असले पाहिजेत. म्हणजे या चाचणीत मोठे, वेदना कळणारे मासे तडफडतात. जर्मनीने सांडपाण्यासाठी 2005 पासून त्यांच्या जागी माशांची अंडी वापरायला सुरुवात केली. पुढे 2013 मध्ये ओईसीडीने, म्हणजे प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने, रसायनांसाठी अशीच चाचणी ठरवून दिली, तिचा क्रमांक 236. तीत वापरतात तो झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला.

[दृश्य : नवी मुंबईतली एक प्रयोगशाळा. चोवीस खळग्यांची प्लास्टिकची प्लेट.]

एका खळग्यात एकच अंडं. तापमान 26 अंशांच्या आसपास. दिवे लागताच माद्यांनी अंडी घातली, आणि दीड तासाच्या आत ती रसायनाच्या पाण्यात गेलीसुद्धा. आता चार दिवस रोज पाहायचं : अंडं गोठून पांढरं पडलं का, पाठीवर स्नायू-मणक्यांचे सुरुवातीचे खंड पडले का, शेपूट बलकापासून सुटली का, हृदय चालू आहे का.

सूक्ष्मदर्शकाखाली अंडं बघा. काचेच्या बुडबुड्यासारखं कवच, आत थोडं पाणी, आणि बलकाच्या गोळ्याला बिलगलेला जीव. एका दिवसाचा झाला की तो आतल्या आत झटकन वळतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोंदी घ्यायच्याच राहून गेल्या होत्या.

कवच दिसतं अखंड, पण त्याला बारीक छिद्रं आहेत, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. लहान रेणू त्यातून सहज आत शिरतात. मोठे, पॉलिमरसारखे रेणू बाहेरच अडतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लू कवच फोडून बाहेर येतं आणि तो आडोसा संपतो. म्हणून पहिल्या दिवशी निरुपद्रवी वाटलेलं रसायन तिसऱ्या दिवशी घात करू शकतं.

कवचाच्या आत पेशीचा पडदा आहे, आणि तो विद्युतभार नसलेल्या रेणूंना जास्त मोकळेपणाने वाट देतो. अमोनियाच घ्या. पाणी जितकं अल्कधर्मी, तितका भार नसलेला अमोनिया जास्त, आणि तितकं विष आत जास्त. नाल्यात अमोनिया तेवढाच असला, तरी पाण्याचा सामू बदलला की परिणाम बदलतो.

भ्रूण काही मुकाट्याने सोसत बसत नाही. त्याच्या पेशींत पंपासारखी प्रथिनं असतात, ती आत आलेली काही रसायनं परत बाहेर ढकलतात.

पण तेलकट रसायनांची गोष्ट वेगळी. ती पाण्यात रमत नाहीत. काही प्लेटच्या प्लास्टिकलाच चिकटतात, काही हवेत उडून जातात. म्हणून बाटलीवर लिहिलेला आकडा म्हणजे अंड्याच्या वाट्याला आलेलं विष नव्हे. खळग्यातलं पाणी पुन्हा मोजावंच लागतं. जी आत पोचतात ती बलकाच्या स्निग्धांशात जाऊन बसतात. ही भर सावकाश पडते, इतकी की चार दिवसांतही पुरी होईलच असं नाही. आणि बलक हाच पिल्लाचा शिधा. तो जसजसा संपतो, तसतसं त्यात साठलेलं अंगात उतरतं.

चाचणीतली ही फट मला सगळ्यात जास्त टोचते. आज पाण्यातून शिरलेलं विष उद्याच्या जेवणातून अंगाला लागणार असेल, तर 96 तासांच्या आकड्यावर निर्धास्त कसं राहायचं? मेलेले भ्रूण मोजण्याबरोबर जिवंत भ्रूणांच्या अंगात किती रसायन साठलंय, हेही मोजायला हवं.

[दृश्य : पुन्हा दिवागाव. ताटलीतली गाभोळी, अगदी जवळून.]

बोईट खाडीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्राकडे जातो. त्याची अंडी या पाण्यात पडत नाहीत, मग ती सुटली म्हणायची का? नाही. मादी वर्षानुवर्षं इथलं खाते. तिच्या चरबीत साठलेली तेलकट रसायनं गाभोळी भरताना बलकात उतरतात. अंडं पाण्यात पडण्याआधीच त्याच्या शिदोरीत आईच्या अंगातलं विष बांधलेलं असतं.

[दृश्य : प्रयोगशाळा. प्लेटवर 96 तासांची चिठ्ठी.]

वेळ भरली. या खळग्यातलं पिल्लू जिवंत आहे. हृदयाचे ठोके इथूनही दिसतात. नोंदवहीत त्याच्यापुढे 'जिवंत' असं लिहिलं गेलंय. त्याच्या पोटाखाली बलकाची पिवळट पिशवी अजून शिल्लक आहे.