सहभाग मोजायचा तर काय मोजायचं?

(लातूरच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. संयोजकांनी पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘अभ्यासक’ असं छापलंय, ते तेवढं सोडून द्या. माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या नगरपालिकांच्या सभा विभागात गेली. विषयपत्रिका काढायची, सभा चालू असताना टिपणं घ्यायची, मग इतिवृत्त लिहून अध्यक्षांची सही आणायची. सभागृहात आरडाओरडा करणाऱ्यांचे फोटो पेपरात येतात. त्यातून कागदावर काय उतरलं, ते आमच्यासारख्या कारकुनाला ठाऊक असतं.

इथं बसलेल्यांपैकी बरेच जण औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर या भागांतून पोरांच्या शिक्षणासाठी लातुरात आलेले असणार. गावाकडं तुम्हाला ग्रामसभा होती. ती चांगली भरायची की नुसत्या सह्या घेऊन उरकायची, हा वेगळा भाग. पण ७३व्या घटनादुरुस्तीनं गावातल्या प्रत्येक मतदाराला तिथं बसण्याचा हक्क दिला. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावात पोरासोरांनाही पाठ असतात. तुम्ही ट्रकमध्ये सामान टाकून शहरात आलात आणि तो हक्क गावाकडंच राहिला. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी लागू झाली. तिनं शहरांना निवडणुका दिल्या, आरक्षण दिलं, कामांची यादी दिली. सभा मात्र नगरसेवकांची, नागरिकाची नाही.

३ लाखांवर लोकसंख्या असेल तर प्रभाग समित्या हव्यात, एवढं त्यात आहे. २०११च्या जनगणनेत लातूर शहर ३ लाख ८२ हजारांचं, म्हणजे आपण त्यात बसतो. पण या समितीत बसतात पुन्हा नगरसेवकच. आपल्या कायद्यानं सेवाभावी संस्थांच्या जास्तीत जास्त तीन माणसांना त्यात घेता येतं. आता त्या जागांवर कुणाची वर्णी लागते, ते मी सांगायची गरज नाही. तुमचं हसू बघून कळलं मला.

मग २००९ साली राज्यानं कायद्यात ‘क्षेत्रसभा’ आणली. ही मात्र खरोखर नागरिकांची सभा. मोजक्या मतदान केंद्रांच्या परिसरातले सगळे मतदार तिचे सदस्य आणि नगरसेवक अध्यक्ष. कामं सुचवायची, क्रम लावायचा, पाणी-दिवे-सफाईतल्या उणिवा सांगायच्या. ती आणण्यामागं लोकांचा रेटा फारसा नव्हता. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचे पैसे हवे असतील तर असा कायदा करा, अशी अट होती. अटीसाठी केलेल्या कायद्याचं जे होतं तेच याचं झालं. क्षेत्रसभेला गेलेले कितीजण आहेत, हात वर करा बरं. बरं, राहू द्या.

त्यात आपल्याकडं आणखी एक गंमत झाली. मे २०२२मध्ये लातूरच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढचं मतदान झालं जानेवारी २०२६मध्ये. छत्रपती संभाजीनगरात तर एप्रिल २०२० पासून पावणेसहा वर्षं सभागृहच नव्हतं. या काळात आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा, सर्वसाधारण सभा म्हणून मंजूर करायचा आणि पुन्हा आयुक्त म्हणून अंमलात आणायचा. सूचक, अनुमोदक, विरोध, मतदान, सगळं एकाच सहीत. मी माणसांना दोष देत नाही. काही प्रशासकांनी कामं झपाट्यानं केली, लोक खूषही होते. पण या सगळ्या काळात तक्रारीची ॲप चालू होती, हेल्पलाइन चालू होती, आयुक्तांच्या दालनातल्या पडद्यावर रंगीत रकाने दिसत होते. निवडून आलेला एकही माणूस सभागृहात नाही आणि कागदावर नागरिकांचा सहभाग मात्र आहेच! म्हणजे आपण जे मोजत होतो, ते सहभाग नव्हतं.

काय मोजत होतो, ते जवळून सांगतो. एका नगरपालिकेत (नाव घेत नाही) एका बाईंनी गल्लीतला दिवा बंद असल्याची तक्रार दिली. आवकला नंबर पडला. बाबूनं शेरा मारला, ‘विद्युत विभागाकडे वर्ग’ आणि रजिस्टरला तक्रार निकाली. कारण ज्याच्या टेबलावरून कागद गेला, त्याच्यापुरतं काम झालेलं. दिवा बंदच. बाईंनी पुन्हा अर्ज दिला, नवा नंबर. ठेकेदाराचा माणूस येऊन बघून गेला, ‘पाहणी केली’ म्हणून निकाली. तिसऱ्यांदा अर्ज, तिसरा नंबर, ‘साहित्य उपलब्ध होताच’ म्हणून निकाली. महिनाअखेरचा अहवाल मीच टाइप केला: प्राप्त तक्रारी तीन, निकाली तीन, शंभर टक्के. खांब एक, अंधार तेवढाच. आणि त्या अहवालावर वरून शाबासकीही आली हो.

स्वच्छ सर्वेक्षणात नागरिकांच्या अभिप्रायाला गुण ठेवले, तेव्हाही असंच झालं. हेतू उत्तम होता. पण गुण मिळतात म्हटल्यावर बऱ्याच शहरांत सफाई निरीक्षक चौकात उभे राहून लोकांचे मोबाइल हातात घ्यायला लागले. ‘काका, ॲप टाकून देतो, चांगलं म्हणून दाबा.’ मोजमाप करताना हे कायम ध्यानात ठेवायला हवं: ज्या आकड्याला बक्षीस लावाल, तो आकडा वाढतो. त्यामागची गोष्ट वाढेलच असं नाही.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकी बाईंनी १९६९ सालीच सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाला लोकांना नुसतं गुंडाळणं, मध्ये माहिती देणं आणि मत विचारणं, वर प्रत्यक्ष निर्णयाचा अधिकार. शिडी मला पटते, पण नगरपालिकेत तिचा उपयोग करायचा तर खालच्या पायऱ्यांवर नेमकं कोण उभं आहे आणि कोण शिडीपर्यंतच पोचत नाही, ते आधी पाहावं लागतं.

त्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो. एकदा नागरिकांची बैठक ठरवली, पाणीपुरवठ्यावरच. दवंडी फिरवली, भोंग्याची रिक्षा फिरवली. समाजमंदिरात चाळीसेक पुरुष आणि दोन बायका. साहेब म्हणाले, महिलांना रस नाही. संध्याकाळी त्याच गल्लीतून जाताना एका मावशींना विचारलं, का आला नाहीत? त्या म्हणाल्या, ‘अवो साहेब, आज आमच्या लाइनीचा दिवस. पानी कवा सुटंल त्या व्हॉल्व्हमनलाच ठावं. मी तिथं बसून भाषन ऐकलं, तर फुडचे आठ दिवस काय प्यायचं?’

बघा, पाण्यावरची बैठक आणि ती पाणी सुटायच्या दिवशी! पाण्याविषयी ज्यांना सगळ्यात जास्त माहिती, त्याच बायका हौदापाशी अडकलेल्या. आपल्या मराठवाड्यात शहराची घडी पाण्याच्या पाळीवर चालते. आठ दिवसांआड म्हटलं की धुणं, पाहुणे, डोहाळजेवणसुद्धा त्याच हिशेबानं ठरतं. सभेचं पत्रक काढणाऱ्याला मात्र रोटेशनचा तक्ता बघावासा वाटत नाही. नंतर आम्ही त्या भागातली बैठक पाळीच्या दुसऱ्या दिवशी ठेवली, समाजमंदिर सोडून टाकीजवळच्या लिंबाखाली. बायका आल्या. कोणत्या गल्लीत नळाला मोटर लागते, कोणाचं कनेक्शन कागदावर अर्ध्या इंचाचं आणि जमिनीखाली एक इंचाचं, कोणता व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, सगळं पटापट बाहेर आलं. अभियंता लिहून घेता घेता दमला. यात खर्च किती? भोंग्याच्या रिक्षाचे पैसेसुद्धा वाचले.

लातूरकरांना वेगळं सांगायला नको की टाकीपाशी माणसं जमतातच. मार्च २०१६मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं, तेव्हा टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. त्या वेळी बंदोबस्ताची गरज नव्हती असं मी म्हणणार नाही. हाणामाऱ्या व्हायची भीती खरी होती. पण शहराचे नागरिक जिथं स्वतःहून रोज एकत्र येतात, ती जागा प्रशासनाला फक्त गर्दी म्हणून दिसली, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि आपल्याच जिल्ह्याला याचा चांगला अनुभव होता. ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप. पुढं घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. घरमालकाला योजना समजावायची, त्याच्या अडचणी अभियंत्यापर्यंत न्यायच्या, उत्तर घेऊन परत त्याच उंबऱ्यावर जायचं. उत्तर घेऊन परत जायचं, हे महत्त्वाचं. शहराच्या कारभारात नेमका हाच माणूस नाही.

पुण्याचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथं २००६पासून नागरिक आपल्या प्रभागातली कामं पालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा. बाक, पदपथ, दिवे अशी छोटी कामं. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९मध्ये सुरू केलेल्या पद्धतीवरून ही कल्पना जगभर गेली. पोर्तो अलेग्रेत लोक सभेत समोरासमोर भांडून क्रम ठरवायचे. अर्ज भरून पेटीत टाकण्यात ते भांडण नाही. माझ्या गल्लीचा बाक मोठा की पलीकडच्या वस्तीची नाली, हे दोघांनी एका सतरंजीवर बसून ठरवलं तर त्यात काही अर्थ आहे. तरीही मी म्हणेन, लातूर, परभणी, नांदेड, जालना यांनी निदान पुण्याएवढं तरी करावं. काहीच नसण्यापेक्षा अर्ज बरा.

आता, मोजायचं काय? मी इतिवृत्त लिहिणारा माणूस, माझं मोजमाप कागदाचंच. सभेत नागरिकानं विषय मांडला, तर त्याला नंबर द्या. तो नंबर पुढच्या प्रभाग समितीच्या विषयपत्रिकेत दिसतो का, बघा. दिसला तर त्यावर लेखी उत्तर गेलं का? ‘नाही’ असं उत्तरही चालेल, पण कारणासह हवं. मला विचाराल तर कारणासह दिलेला नकार हा ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यापेक्षा दहापट मोलाचा. नकाराशी भांडता येतं, ‘योग्य ती कार्यवाही’शी कसं भांडणार? हजेरीही मोजा, पण डोकी मोजून थांबू नका. बायका किती, भाडेकरू किती, गुंठेवारीतले किती, आणि मागच्या वेळी आलेल्यांतले कितीजण पुन्हा आले. पहिल्यांदा माणूस दवंडी ऐकून येतो. दुसऱ्यांदा तो तेव्हाच येतो, जेव्हा पहिल्या वेळच्या बोलण्याचं काहीतरी झालेलं असतं. आणि तक्रार निकाली काढायचा अधिकार तक्रारदाराला द्या. त्यानं ‘झालं’ म्हटल्याशिवाय नंबर बंद नाही. असं केलं तर पहिल्या महिन्यात टक्केवारी धाडकन पडेल. आयुक्तांना तेवढा धीर हवा, आणि टक्का पडला म्हणून पत्रकारांनीही लगेच मथळा करू नये.

प्रश्न आलाय की आता नगरसेवक निवडून आलेत, तर सुरुवात कुठून करायची. एका प्रभागात चार-चार नगरसेवक; तुमची क्षेत्रसभा घ्यायची कुणी, यावर ते एकमेकांकडं बोट दाखवतील. त्यांना दाखवू द्या. तुम्ही माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. विषय लिहा: ‘प्रभाग समितीच्या मागील सभांची इतिवृत्ते व क्षेत्रसभांच्या हद्दी निश्चित केल्याचा आदेश.’ दोन विषय होतात म्हणतील, तर दोन अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. इतिवृत्त हातात आलं की आधी ‘मागील सभेच्या विषयांवर केलेली कार्यवाही’ हे शीर्षक शोधा आणि त्याखाली काय लिहिलंय ते वाचा. शीर्षकच नसेल, तर पुढच्या सभेच्या आधी चारही नगरसेवकांना तेवढं एकच मागा. इतिवृत्तात एक रकाना वाढवायला निधी लागत नाही, आणि शासनाची मंजुरीही लागत नाही.