जंजिऱ्याच्या भिंतीपाशी

श्रोतेहो, नमस्कार. आपण खानदेशातली माणसं. आपली तापी सातशेहून जास्त किलोमीटर चालून समुद्राला भेटते, पण भेटते ती तिकडे सुरतेजवळ, आपल्या नजरेआड. त्यामुळे समुद्र म्हटलं की आपल्या घरात अजूनही थोडी धांदलच उडते. आम्ही मुरुडला निघालो तेव्हा मावशीने पिशवीत आधी काय भरलं असेल, तर केळीचे वेफर्स. समुद्रावर काही मिळालं नाही तर!

राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. आदल्या रात्री धाब्यावर शेवभाजी चापली होती, आणि होडी पहिल्यांदा कलली तेव्हा तिची तर्री घशाशी आली. तेवढं एक माझं ऐका, पोट हलकं ठेवून निघा.

तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्याने, शीड सोडलं आणि मावशीला म्हणाला, “मावशी, मधे बसा, कडेला नको.” मी विचारलं, शिडावर जाणार, मग वारा उलटा असला तर? तो म्हणाला, सकाळी मतलई असतो, जमिनीकडून येतो, तो आपल्याला किल्ल्याकडे नेतो. दुपारी खारा वारा समुद्राकडून सुटतो, तो घरी आणतो. मतलई वारे आणि खारे वारे शाळेत भूगोलाच्या पेपरसाठी पाठ केले होते. ते असे रोज माणसं पोचवण्याच्या कामावर आहेत हे तेव्हा कळलं.

होडीतच गाईडचं भाषण सुरू झालं. 1682 साली संभाजी महाराजांनी समुद्रात दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती, हे तो हात लांब करून दाखवत होता. लांबवर पद्मदुर्ग दिसत होता, जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्द्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी उभारलेला. सिद्द्यांचं हे संस्थान पुढे 1948 मध्ये भारतात आलं. सनावळी भराभर झाली, कारण गंमत पुढेच होती. किल्ल्याचा दरवाजा दिसेचना. समोर नुसती काळी भिंत, बुरुजाला बुरूज लागलेला, आणि होडी सरळ तिच्यावर चाललेली. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मधे तो दरवाजा सापडला.

पायरीवर उतरणं हे खरं काम. पायऱ्यांवर हिरवं शेवाळ, होडी खालीवर. होडीवरच्या पोऱ्याने सांगितलं, “लाट वर आली की पाय टाका, खाली जाताना टाकू नका.” मावशीने दोन लाटा जाऊ दिल्या. तिसरीला त्याचा हात धरून ती पायरीवर, आणि तोल सावरायला दुसरा हात भिंतीला टेकला. ती तशीच थांबली. भरतीचं पाणी चढतं तिथपर्यंत दगड ओला, काळाकुळीत, त्यावर चिकटलेले कालवांचे शिंपले. वरचा दगड मात्र कोरडा, खाऱ्या वाऱ्याने बारीक बारीक खड्डे पडलेला. हात फिरवत मावशी म्हणाली, “हाऊ ते आपलाच दगड शे!”

लोक हसले. पण मावशीचं बरोबर होतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून जो काळा पाषाण तयार झाला, त्यातच अजिंठ्याची लेणी कोरली आहेत आणि मुरुडचा किनाराही त्याचाच आहे. धुळ्याहून साक्री-नंदुरबारकडे जाताना माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या दिसतात ना? जमिनीच्या भेगांत लाव्हा शिरून थिजला, त्या या भिंती. भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात. तसल्याच डाइक मुरुडच्या किनाऱ्यावरही आहेत. आपल्याकडे त्यांच्यावर शेळ्या चढतात, तिथे लाटा.

किल्ल्यात गाईडने पंजात हत्ती पकडलेला शरभ, म्हणजे दगडात कोरलेला काल्पनिक पशू, दाखवला, मोठी तोफ दाखवली, चारी बाजूंनी खारं पाणी असताना मधे गोड्या पाण्याचा तलाव दाखवला. मी बुरूज मोजायला घेतले आणि आकडा चुकला. पाऊण तासात सगळं उरकावं लागतं, हे मात्र मला पटलं नाही. एवढ्या लांबून येणाऱ्याला तासभर तरी द्यावा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा बेत त्याआधी किंवा नंतर आखा.

परतताना खारा वारा सुटला होता. तांडेलाने विचारलं, “कुठून आलात?” जळगाव म्हटल्यावर तो हसून म्हणाला, “मग केळी कुठंयत?” मावशीने पिशवी उघडली. एक हात सुकाणूवर आणि दुसरा वेफर्सच्या पुडीत, असा तो राजपुरीच्या धक्क्यापर्यंत आला.